मदत हवी आहे: अफेक्ट की इफेक्ट, मुलांना कसं समजावू?

नागपुरात महालमध्ये आठवीच्या मराठी माध्यमाच्या सहा मुलांना इंग्रजी शिकवते. अ‍ॅडव्हाइस-अ‍ॅडव्हाइज जमलं: सी असेल तर नाम, एस असेल तर क्रियापद, उच्चारही वेगळा. स्टेशनरीचं एवालं-ईवालं स्पेलिंगही सुटलं, ई म्हणजे एन्व्हलप, म्हणून वह्या-पेनांची ती ईवाली.

गाडं अडलंय अफेक्ट (परिणाम करणे) आणि इफेक्ट (परिणाम) यांवर. 'ए क्रियापद, ई नाम' घोकून झालं. पण मुलं आधी मराठीत 'पिकावर परिणाम झाला' असं मनात म्हणतात, 'झाला' दिसला की क्रियापद समजतात आणि अफेक्ट लिहून मोकळी होतात. चूक विचार करूनच होते, म्हणून रागावताही येत नाही. 'आधी द लागतो का बघा' हेही सांगितलं, पण मराठीत आर्टिकल नसल्याने ती 'द' गाळतातच.

इफेक्टचा 'घडवून आणणे' हा क्रियापदाचा अर्थ सध्या नको. मोबाइल नाही, फक्त फळा आहे. मराठी वाक्यावरूनच नाम की क्रियापद हे ओळखता येईल अशी एखादी खूण कुणी वर्गात वापरली आहे का?