विषय: केमनिट्झची संगीतसभा

सप्रेम नमस्कार.

मंडळातील काही तरुण सोमवारी, ३ सप्टेंबर २०१८ रोजी, जर्मनीतील केमनिट्झ शहराच्या वंशद्वेषविरोधी संगीतसभेला गेल्याचे समजले. व्हिसावर राहणाऱ्यांनी येथील राजकारणात पडू नये असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि जिवाच्या धोक्याचीही काळजी वाटते.
— एक ज्येष्ठ सभासद

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

आपण हे मायेपोटी लिहिले आहे, म्हणूनच सविस्तर उत्तर देते. २६ ऑगस्टच्या पहाटे, शहराचा उत्सव चालू असताना, चाकूहल्ल्यात ३५ वर्षांच्या एका तरुणाचा बळी गेला आणि संशयित निर्वासित असल्याचे कळताच रस्त्यावर उतरलेल्या जमावातील काहींनी परदेशी दिसणाऱ्यांवर हल्ले केले. ज्याच्या नावाने हे चालले होते, त्या तरुणाचे वडील क्यूबाचे होते. त्या जमावात तो स्वतः सुरक्षित राहिला असता का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्या आठवड्यात केमनिट्झमधील कामाची एक भेट मी भीतीने रद्द केली होती, आणि हे घरीही सांगितले नव्हते.

म्हणून दोन जर्मन मैत्रिणींनी विचारताच मी होकार दिला. लाइपझिगहून निघालेल्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवेश विनामूल्य होता, आणि 'आम्ही संख्येने जास्त आहोत' या घोषवाक्याखाली शहराच्या अंदाजानुसार ६५,००० माणसे जमली. केमनिट्झची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. योहानिस चर्चजवळच्या वाहनतळावर गाणी सुरू होण्यापूर्वी मृत तरुणासाठी मौन पाळले गेले. माझ्यापुढे बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका मुलीच्या कानांवर मोठे हेडफोन होते. सगळे एकाएकी का थांबले हे न उमगून तिने ते काढले आणि बापाकडे वाकून पाहिले. नंतर याच शहराचा 'क्राफ्टक्लब' आणि ड्युसेलडॉर्फचा 'डी टोटेन होझेन' या बँडनी गायला सुरुवात केली, तेव्हा शब्द येत नसूनही मी ओरडत होते, आणि त्या गावाची माझी भीती बरीच ओसरली.

व्हिसाविषयी इतकेच, की मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मनीच्या राज्यघटनेच्या, ८व्या कलमात सभेचा हक्क 'सर्व जर्मनांना' दिला आहे हे खरे, परंतु सभाविषयक कायदा तो प्रत्येकाला देतो. शिवाय, रस्त्यात आपला रंग पाहून कोणी मागे लागला तर तो आपला व्हिसा विचारणार नाही. तेव्हा या भांडणात आपण आधीच आहोत.
— आपली, लाइपझिगहून

सप्रेम आशीर्वाद.

माझे मत पूर्णपणे बदललेले नाही. मात्र ती रद्द केलेली भेट तू आम्हाला तेव्हाच सांगायला हवी होतीस. पुन्हा तिकडे जाणे झाले, तर कोणत्या गाडीने निघतेस ते आधी कळव. मी सोबत येईन.
— काका