स्टिरिओटाइप: पूर्वग्रह, ठोकळेबाज की साचेबंद?

प्रश्न (इंदूर)
परदेशी टीव्ही जाहिरातींत आपल्यासारख्या विकसनशील देशांतली माणसं कशी दाखवतात, यावर रामबागेत आमच्या मंडळापुढे बोलायचं आहे. 'स्टिरिओटाइप'साठी इथे हिंदीच्या सवयीने 'रूढ़िवादी छवि' तोंडात येतं. पण मराठीत 'रूढी' म्हटलं की सोवळंओवळंच आठवतं. 'पूर्वग्रह' चालेल का?

उत्तर
नको, ताई. पूर्वग्रह मनात असतो. तुम्ही बोलणार पडद्यावर दिसतं त्याबद्दल. तिथे 'साचेबंद' चपखल बसतो. मूळ इंग्रजी शब्द 'स्टिरिओटाइप' छापखान्यातलाच आहे: जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन ओतलेला अखंड पत्रा. एकदा ओतला की त्यातलं एक अक्षरही इकडचं तिकडे करता येत नाही. १९२२ मध्ये अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी तो डोक्यातल्या ठरीव चित्रांसाठी वापरला आणि तोच अर्थ रुळला.

अमेरिकेत १९६७ पासून चिप्सच्या जाहिरातींत 'फ्रिटो बँडिटो' यायचा. भली मोठी टोपी, पिस्तुलं, मोडकंतोडकं इंग्रजी आणि धंदा चिप्स लुबाडण्याचा. मेक्सिकन माणूस म्हणजे दरोडेखोर, एवढंच. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी आवाज उठवला, तेव्हा तो गेला.

बडोद्याहून
'ठोकळेबाज' का नको? नाटकाच्या परीक्षणात तर सर्रास लिहितात.

उत्तर
दादा, त्याने लेखकाचं कसब कमी पडलं एवढंच कळतं. कुणावर अन्याय झाला हे कळत नाही. शिवाय साचेबंद चित्रण सुबकही असू शकतं. प्यूजो २०६ या फ्रेंच गाडीची ती जाहिरात घ्या. भारतातला एक तरुण मासिकातल्या चित्राबरहुकूम आपली जुनी गाडी भिंतीवर आपटतो, तिच्यावर हत्ती बसवतो, ठोकून ठोकून आकार देतो. पोरगा मेहनती, लाघवी. चित्रणात ठोकळेबाज काही नाही. तरी भारत म्हणजे हत्ती आणि जुगाड, नि स्वप्न मात्र युरोपातल्या गाडीचं! मला ती जाहिरात आवडायची, म्हणूनच ती जास्त टोचते.

आणि हे परदेशातच चालतं असं नाही. आपल्या हिंदी जाहिरातींत आणि मालिकांत घरकाम करणारी बाई कितीदा तरी मराठी असते: खोचलेला पदर, मराठी वळणाची हिंदी. अहिल्याबाईंच्या इंदुरात, जिथे शाळेतल्या शिक्षिकेलाही आपण आदराने 'बाई' म्हणतो, तिथली मुलं टीव्ही बघून 'बाई' म्हणजे मोलकरीण असं शिकतात. घरकामात कमीपणा मुळीच नाही; पण एका भाषेच्या बायकांना तेवढंच काम वाटून द्यायचं, हे वाईट आहे. इंदूरच्या ताई, मंडळात हे उदाहरण जरूर द्या, लोकांना लगेच पटेल.

वापराबद्दल एक सांभाळा. 'साचेबंद मेक्सिकन' म्हणू नका, त्याने तो माणूसच साच्यातला ठरतो. 'मेक्सिकन माणसाचं साचेबंद चित्रण' म्हणा, म्हणजे बोट चित्र काढणाऱ्याकडे जातं.