अथेन्सहून नाफ्प्लिओ: दोघांनी मोटारीने जावे का?

प्रश्न (मांडवी, वडोदरा): मी आणि माझे यजमान अथेन्सहून भाड्याच्या गाडीने नाफ्प्लिओ या समुद्रकाठच्या ऐतिहासिक गावी जाऊन दोन रात्री राहणार आहोत. वाटेत काय पाहावे, आणि यजमानांच्या गुडघ्यांना तिथला किल्ला झेपेल का?

उत्तर (रावपुरा): अवश्य जा. अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. वाटेत १८९३ साली खुला झालेला कोरिंथचा कालवा पुलावरून पाहा. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणून पहिला तासभर घाई करू नका आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्या.

उत्तर (अलकापुरी): पालामिदी किल्ला व्हेनिसकरांनी १७११ ते १७१४ या काळात बांधला. त्याच्या पायऱ्या ९९९ आहेत असे सांगतात, आणि पावागड चढणाऱ्यांनाही त्या उन्हात जड जातील. परंतु मागच्या रस्त्याने गाडी वरपर्यंत जाते, तेव्हा गुडघ्यांची काळजी नसावी. मला स्वतःला संत स्पिरिडोनचे लहानसे चर्च अधिक भिडले, कारण स्वतंत्र ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांची १८३१ मध्ये त्याच्या दाराशीच हत्या झाली. तेव्हा राजधानी नाफ्प्लिओ हीच होती. ती १८३४ मध्ये अथेन्सला गेली.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. आता किल्ल्यावर गाडीनेच जाऊ आणि चर्चपाशी निवांत थांबू.

उत्तर (रावपुरा): परतताना एपिडॉरसचे प्राचीन दगडी नाट्यगृह चुकवू नका. यजमानांना वरच्या रांगेत बसवून आपण खाली मध्यभागी उभ्या राहून बोला. शब्द तिथवर स्पष्ट पोहोचतात.