दार रस्त्यावरून बोळात नेलं तर घराचा पत्ता बदलतो का? (पुणे, पेठ भाग) – मदत हवी आहे

पेठेतली_लेक:

नमस्कार मंडळी,

आईचं घर नारायण पेठेत, रस्ता आणि बोळ यांच्या कोपऱ्यावर आहे. दुमजली, स्वतंत्र. दार रस्त्याकडे. दर डांबरीकरणाला रस्ता वर चढत गेला आणि उंबरा खाली राहिला, त्यामुळे जोराची सर आली की पाणी थेट पुढच्या खोलीत. म्हणून बोळाच्या बाजूने नवं दार काढतोय आणि पुढची खोली गाळा म्हणून भाड्याने द्यायचा विचार आहे. बांधकाम परवानगीचं आर्किटेक्ट बघतायत, तो प्रश्न नाही.

प्रश्न पत्त्याचा आहे. आमचा पत्ता 'घर नं. अमुक, नारायण पेठ, तमुक मेडिकलसमोर, पुणे ४११०३०'. मेडिकल रस्त्यावर. नव्या दारासमोर शेजारच्या वाड्याची भिंत आणि एक मोडकी सायकल! आणि हे 'मेडिकलसमोर' आधारपासून बँकेपर्यंत सगळीकडे घुसलंय. घर नंबर नवीन घ्यावा लागतो का? सगळी कागदपत्रं बदलत बसायची का?

दुसरं, जुन्या दाराला पत्रं टाकायची फट आहे, पितळी झाकणाची. पोस्टमन गाडीवरून न उतरता पत्र आत सरकवतात. आता तिथे शटर येणार. आई ७८ वर्षांची, दुपारी झोपते, बेल ऐकू येत नाही. तिची पेन्शनची, एफडीची पत्रं गाळेवाल्याच्या हातात पडायला नकोत. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

बटवडा_निवृत्त:

ताई, घर नंबरची काळजी सोडा. पेठेतला नंबर हा मिळकतीचा असतो, रस्त्याचा नाही. सिटी सर्व्हे नंबरही जमिनीच्या तुकड्याला असतो. दार उत्तरेला करा नाहीतर दक्षिणेला, मालमत्ता पत्रकावर काही फरक पडत नाही. पिनकोडचंही तेच. पहिले तीन आकडे पत्र पुण्याच्या छाननीपर्यंत आणतात, शेवटचे तीन बटवड्याचं पोस्ट ऑफिस सांगतात. बोळात वळल्याने पोस्ट ऑफिस बदलत नाही.

बदलते ती पोस्टमनची वाट. बीटवरचा, म्हणजे नेमून दिलेल्या भागातला पोस्टमन पत्त्यावर कमी आणि सवयीवर जास्त चालतो. जुना असेल तर एकदा दार दाखवलं की झालं. खरा घोळ बदली पोस्टमन आला की होतो. तो 'मेडिकलसमोर' वाचून शटरपाशी उभा राहणार, शटर बंद दिसलं की 'दार बंद' शेरा मारणार. स्पीड पोस्ट असेल तर सूचना ठेवून सात दिवस पोस्टात राहतं, मग पाठवणाऱ्याकडे परत. रजिस्टर्डही २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, म्हणजे महत्त्वाचं सगळं याच रांगेत.

तेव्हा तुमच्या बटवड्याच्या पोस्टात पोस्टमास्तरांच्या नावे साधा अर्ज द्या: घर नंबर तोच, प्रवेश आता बोळातून, पत्रपेटी अमुक ठिकाणी. पोच घ्या. पेटी कुलपाची आणि बोळाच्या तोंडाशी लावा, आत दारापाशी नको. गाडी लावून बोळात चालत जायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

थेम्सकाठचा_पुणेकर:

गंमत म्हणून सांगतो. इथे लंडनमध्ये नंबर रस्त्याचा असतो. कोपऱ्यावरच्या घराचं मुख्य दार ज्या रस्त्यावर, त्या रस्त्याचा नंबर. दार बाजूच्या रस्त्यावर नेलं तर काउन्सिलकडे नव्या पत्त्यासाठी अर्ज, फी, मग तो रॉयल मेलच्या (इथलं टपाल खातं) यादीत चढणार. तोपर्यंत ऑनलाइन फॉर्म तुमचं घर अस्तित्वातच नाही म्हणतात. पेठेची पद्धत कितीही गचाळ वाटो, या बाबतीत सुखाची आहे.

काळाकोट:

पोस्टाचं वर आलंच आहे. कोर्टाच्या समन्सचं लक्षात ठेवा. माणूस सापडला नाही किंवा त्याने घेतलं नाही तर बेलिफ प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा दर्शनी भागावर चिकटवू शकतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर ५, नियम १७). तुमचा दर्शनी भाग आता भाडेकरूचं शटर. बरोबर पत्त्यावर रजिस्टर्ड गेलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचली असंच कायदा धरतो. भाडेकरारात एक ओळ घाला की मालकाचं टपाल वा नोटीस आली तर त्याच दिवशी आणून द्यायची.

आणि दारामुळे नाही, पण गाळ्यामुळे मिळकतकर वाढेल. तेवढ्या भागाला बिगरनिवासी दर लागतो. महापालिकेला आधी कळवा, नंतर थकबाकी निघते.

खाऊगल्ली:

पोस्टमन परवडला. जेवण आणणारी मुलं फक्त नकाशातला ठिपका बघतात. आमच्या सोसायटीचं मागचं फाटक बंद झालं तरी कित्येक महिने लोक तिथेच उभे राहून फोन करायचे. नकाशावर ठिपका बोळाच्या तोंडाशी सरकवा आणि आईंच्या फोनमधल्या प्रत्येक ॲपमध्ये सेव्ह केलेला पत्ता वेगळा दुरुस्त करा, तो आपोआप सरकत नाही. पोस्टाचा नवा डिजीपिन (जागेचा डिजिटल पत्ता) चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला असतो, म्हणजे तुमच्या दोन दारांचे डिजीपिन वेगळे निघायची शक्यता आहे. सहा आकडी पिन मात्र तोच. मजाच आहे.

पेठेतली_लेक:

सगळ्यांचे आभार. @बटवडा_निवृत्त काका, पेटी बोळाच्या तोंडाशी, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग आधार, बँक वगैरे ठिकाणी 'मेडिकलसमोर' तसंच ठेवू का? आणि मीटर रस्त्याकडच्या भिंतीवर आहे, तो गाळ्यात अडकेल.

बटवडा_निवृत्त:

मीटर हलवायला महावितरणकडे अर्ज करा. वायरमनला परस्पर सांगून हलवू नका. ग्राहक क्रमांक तोच राहतो. गाळ्याला वेगळा मीटर घ्या, नाहीतर त्याचं बिल तुमच्या नावावर.

'समोर' घाईने बदलू नका. आधारात खुणेचा रकाना वेगळा असतो, पुढे काही दुरुस्ती निघाली की त्यात 'बोळातून प्रवेश' लिहा. बँकेत मात्र आत्ताच बदला, चेकबुक आणि कार्डं तिथूनच येतात. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर त्याआधी हे उरका. पासपोर्ट स्पीड पोस्टाने, अर्जातल्या पत्त्यावरच येतो.

गाळेवाल्याच्या पत्त्यात 'गाळा नं. १, तळमजला' असं करारातच लिहून घ्या. त्याचे दुकान परवाने, जीएसटी, पार्सलं सगळं तुमच्याच घर नंबरवर येणार. ती ओळ नसेल तर छाननीत दोघांची पत्रं एकाच गठ्ठ्यात पडतात आणि पोस्टमन गठ्ठा पहिल्या उघड्या दारात देतो.