एका तापाने लसीचे दोन डोस बुडाले. चूक कुणाची?

खडीसाखर: आमच्या कामवाल्या मावशींची नात पाच महिन्यांची आहे. दीड महिन्याला पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लसीची) सुई दिली, त्या रात्री ताप आला, मांडीला गाठ आली. बाळाच्या आईच्या सासूबाईंनी फर्मान काढलं, "आता सुई नाही." अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस तसेच राहिले. ताप येतो, दोन दिवसांत उतरतो, एवढं आधी सांगितलं असतं तर? लसीकरणाच्या रॅल्या-पोस्टरं बंद करा, सुई देताना पाच मिनिटं बोला. तेही सुनेशी नव्हे, सासूशी!

टायरगाडी: नाही पटत. आमच्या बीडकडे दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात. गोवराची लस नऊ महिने भरल्यावर, तेव्हा बाळ फडात आणि कार्ड गावी पेटीत. आईला सगळं ठाऊक असतं हो. पण दवाखान्यासाठी खाडा केला की मुकादम पैसे कापतो. तिला काय शिकवणार?

खडीसाखर: मग 2022 च्या गोवंडीचं काय? मुंबईत, पालिकेचे दवाखाने असताना गोवराने मुलं गेली. शेवटी मौलवींना सोबत घेऊन घरोघरी समजवावं लागलं. म्हणजे बोलण्याने फरक पडतोच ना?

टायरगाडी: गोवंडीतही रोजंदारीच आहे, ताई. सकाळचं लसीकरण कामावर गेलेल्या बाईच्या काय कामाचं?

शीतपेटी: उपकेंद्रात नर्स आहे, म्हणून लिहिते. सत्राला तीस-चाळीस बाळं, रडारड, एका हाताने नोंदी. पाच मिनिटं कुठून आणू? आशाताई आदल्या दिवशी घरी जाऊन सांगते, ते खरं शिक्षण. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. गोवर-रुबेलाच्या आमच्या कुपीत पाच डोस. विरघळवली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. एक बाळ आलं तरी फोडा, असा नियम आहे. पण वाया किती गेली हेही विचारतात, म्हणून काहीजणी "पुढच्या बुधवारी या" म्हणतात. ती आई परत येत नाही, आणि आपण तिला अडाणी म्हणतो.

टायरगाडी: हेच म्हणत होतो!

शीतपेटी: हे नव्हतात म्हणत, तुम्ही खाड्याचं म्हणत होता.

खडीसाखर: बरं, भांडण नंतर. बुधवारी नातीला घेऊन जाते. डोस पहिल्यापासून घ्यावे लागतील का?

शीतपेटी: नाही, राहिले तिथून पुढे. कार्ड आणा. सासूबाईंनाही आणा, अर्धा तास बसवून ठेवायचंच असतं, तेवढ्यात बोलते मी.