पहिला डीजे कंट्रोलर घ्यायचाय, पण ट्रायलला आणलेल्याचा आवाज तुटतोय

तासगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी तासगावचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात भजनी मंडळ असल्यामुळे लहानपणापासून पेटी-पखवाज कानावर आहे. लॅपटॉपवर मिक्सक्स हे डीजेचं सॉफ्टवेअर टाकून कीबोर्डनेच मिक्सिंग शिकत आलोय. आता हळदी, वाढदिवस असे छोटे कार्यक्रम घ्यायचे आहेत. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती लावायच्या नाहीत. घरच्यांना ते पसंत नाही आणि मलाही नाही.

बजेट ओढूनताणून पस्तीस हजार. त्यातले बरेचसे बेदाण्याच्या शेडवर काम करून साठवलेत, म्हणून पैसे वाया घालवायचे नाहीत. लॅपटॉपला जोडायच्या चाक-बटणांच्या कंट्रोलरचे समोर तीन पर्याय आहेत: नवा पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४, नवा हर्क्युलिसचा इन्पल्स ३००, किंवा ओळखीतल्या एकाचा वापरलेला पायोनियरचाच डीडीजे-४००. तो पंधरा हजार सांगतोय.

हा वापरलेला ४०० ट्रायलसाठी घरी आणलाय आणि तिथेच अडलोय. लॅपटॉप आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११. गाणं सुरू केलं की थोड्या वेळाने टक-टक असा आवाज येतो, गाणं फाटल्यासारखं होतं. कधी कधी कंट्रोलरचे सगळे दिवे जातात आणि परत येतात. दुसरी अडचण अशी की चुलतबहिणीच्या हळदीत कार्यालयाच्या अँप्लिफायरला जोडला, तर गाणं बंद असतानाही सतत घूंऽऽ असा आवाज. कंट्रोलरच खराब आहे का? की लॅपटॉप? त्याला "परवापर्यंत कळवतो" म्हणून सांगितलंय.

कोयनाकाठ

दिवे जाऊन परत येतात म्हणजे केबल किंवा यूएसबीचं पोर्ट. ४०० ला वेगळा अडॅप्टर नाही, सगळी वीज यूएसबीतूनच घेतो. हबमधून जोडला असशील तर आधी हब काढ. मी कराडला वाढदिवसांचे कार्यक्रम करतो, हा प्रकार कायम बघतो. माझं मत, नवाच घे. वॉरंटी असते.

मिरजेचा_साउंडवाला

भावा, कंट्रोलर खराब आहे असं लगेच ठरवू नकोस. तू तीन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्यास. दिवे जाणं, टक-टक आणि घूं, तिघांची कारणं वेगळी आहेत. एकेक करून बघ, म्हणजे पंधरा हजार द्यायचे की नाही ते आपोआप कळेल. माझं मिरजेत अँप्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचं काम आहे, आणि दुकानात येणाऱ्या "बिघडलेल्या" कंट्रोलरांपैकी बरेच ठणठणीत असतात.

दिव्यांचं कोयनाकाठ यांनी बरोबर सांगितलंय. ४०० च्या मागे चौकोनी तोंडाचं यूएसबी सॉकेट असतं, प्रिंटरला असतं तेच. केबल लावून, गाणं चालू ठेवून, केबलचं तोंड बोटाने हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलव. दिवे लुकलुकले तर दुसरी चांगली, आखूड केबल लावून तेच परत कर. दुसऱ्या केबलनेही लुकलुकले तर सॉकेटचा टाका सुटलाय. त्याची दुरुस्ती होते, पण मग भाव कमी करून माग.

टक-टक ही बहुतेक वेळा लॅपटॉपकडची असते. आवाज लॅपटॉपमधून कंट्रोलरकडे छोट्या छोट्या तुकड्यांत जातो. तुकडा वेळेवर पोचला नाही की टक. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर नावाचा आकडा आहे तो हाच. सॅम्पल रेट, म्हणजे एका सेकंदातले आवाजाचे नमुने, ४४,१०० असताना २५६ चा बफर म्हणजे जवळपास ६ मिलीसेकंद, ५१२ म्हणजे साडेअकरा, १०२४ म्हणजे २३. आकडा वाढवला की लॅपटॉपला दम मिळतो, पण बटण दाबल्यावर आवाज तेवढा उशिरा येतो. ५१२ वर हाताला काही जाणवत नाही. स्क्रॅच करणाऱ्याला १०२४ नकोसा वाटतो, हळदीच्या कार्यक्रमाला तोही चालतो.

पण नुसता बफर वाढवून थांबू नकोस. विंडोजवर पायोनियरचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज थेट कंट्रोलरकडे नेणारा प्रोग्रॅम) टाकलायस का बघ आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवड. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची सोय असते, ती बंद कर. ती वीज वाचवायला पोर्ट झोपवते. मग लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्रॅम उतरव, वाय-फाय चालू ठेवून दहा मिनिटं चालव, मग वाय-फाय बंद करून परत चालव. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो ते तो नावानिशी दाखवतो. वाय-फायचा ड्रायव्हर हा नेहमीचा गिऱ्हाईक आहे.

आता घूं. हे नीट वाच, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ती घूं त्याच वीजेची आहे. लॅपटॉपच्या चार्जरचं अर्थिंग एका बाजूने जातं, अँप्लिफायरचं दुसऱ्या बाजूने, आणि दोघांना जोडणारी तिसरी तार म्हणजे कंट्रोलरपासून अँप्लिफायरपर्यंतच्या तुझ्या आरसीए केबलची जाळी. गोल पूर्ण झाला की त्यातून करंट फिरतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. तपासायला सोपं आहे. घूं चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढ. आवाज गेला तर कंट्रोलर निर्दोष.

यावर मंडपवाले एक उपाय करतात, प्लगची अर्थिंगची पिन मोडतात. तो कधीही करू नकोस आणि कुणी करत असेल तर थांबव. हळदीत जमीन ओली, हात ओले, आणि नवरदेवाच्या मामाच्या हातात लोखंडी जाळीचा माइक. अर्थिंग नसलेल्या अँप्लिफायरमध्ये आत कुठे वायर टेकली तर ती वीज त्या माइकच्या जाळीवर येते. अशी पिन मोडलेले अँप्लिफायर माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि नवीन पिन बसवल्याशिवाय मी ते परत देत नाही, गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी.

खरा उपाय म्हणजे लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावरून चालवायचे. तरी घूं राहिली तर मधे पॅसिव्ह डीआय बॉक्स टाकायचा. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज जातो पण तारेचा जोड तुटतो. याच कामाचा अगदी स्वस्तातला आयसोलेटर घेऊ नकोस, त्याचा ट्रान्सफॉर्मर इतका बारका असतो की बेस पातळ होतो. डीआयचा दुसरा फायदा असा की आरसीए केबल दोन-तीन मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि डीआयनंतर एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलने स्टेजपर्यंत लांब निघता येतं.

आता कुठला घ्यायचा. इन्पल्स ३०० शिकायला छान आहे. ताल जुळवताना पुढे ढकलायचं की मागे ओढायचं ते दिव्यांनी दाखवतो. पण त्याला माइकचा जॅक नाही, आणि हळदीत अर्धा कार्यक्रम माइकवर असतो. एफएलएक्स४ ला माइक आहे, ४०० लाही आहे. ४०० आला २०१८ ला, एफएलएक्स४ ही त्याच्याच पुढची पायरी. एफएलएक्स४ रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरवर चालतो तसा सेराटो लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही चालतो आणि फोनलाही जोडता येतो. तुला लॅपटॉपवर वाजवायचंय, तर या फरकासाठी दुप्पट पैसे घालायची गरज मला दिसत नाही.

४०० घे, पण तपासून घे. प्रत्येक नॉब सावकाश फिरव, फिरवताना खरखर आली तर आतली पट्टी झिजलीय किंवा आत धूळ बसलीय. चॅनलचा फेडर पूर्ण खाली ओढ, हेडफोनमधला मास्टर मोठा कर, आणि गाणं बारीक झिरपतंय का ऐक. दोन बाजूंमधला आडवा क्रॉसफेडर एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूचंही असंच. पॅड एकदा दाबल्यावर दोनदा तर वाजत नाही ना, हे दोन्ही बाजूंच्या आठही पॅडवर बघ. यातून पार पडला तर पंधरा हजार ठीक आहेत. उरलेल्यात बंद कपांचा चांगला हेडफोन, डीआय बॉक्स आणि दोन सुट्या यूएसबी केबल. केबल जागेवर मिळत नाही, रात्री नऊ वाजता तासगावात कोण दुकान उघडणार तुझ्यासाठी?

तासगावचा_पोरगा

दादा, किती नीट सांगितलंत. तसंच सगळं केलं. मामाच्या प्रिंटरची केबल लावली, मग कितीही हलवली तरी दिवे गेले नाहीत. टक-टक मात्र ५१२ वरही होती. लेटन्सीमॉनने वाय-फायच्याच ड्रायव्हरवर बोट ठेवलं, वाय-फाय बंद केल्यावर थांबली. घूं बघायला कार्यालयात परत गेलो, चार्जर काढताच गेली. डाव्या बाजूच्या लो (बेसच्या) नॉबला थोडी खरखर आहे, ते मालकाला दाखवलं, तर साडेतेराला तयार झाला. घेतला!

आता शेवटचं विचारतो. सिंक (दोन गाण्यांचा वेग जुळवणारं बटण) दाबलं की हिंदी रिमिक्स घट्ट बसतात. पण ढोलकीवरची जुनी गाणी आणि आमच्याकडच्या हळदीची गाणी सिंकवर टाकली की काही सेकंदांत दोन घोडे वेगवेगळे पळायला लागतात. सेटिंग चुकतंय का?

मिरजेचा_साउंडवाला

साडेतेरा म्हणजे छान झालं. लो नॉबची खरखर सध्या चालू दे, पावसाळ्यानंतर इकडे आलास तर उघडून साफ करून देतो.

सिंकचं म्हणशील तर गाणंच तसं आहे. कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाण्याचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असतो. जुन्या गाण्यात ढोलकीवाला माणूस आहे. तोडा आला की तो चढतो, कडव्यावर परत बसतो. सॉफ्टवेअर मात्र अख्ख्या गाण्यावर एकसारख्या रेघा मारून मोकळं होतं. रेकॉर्डबॉक्समध्ये गाणं अ‍ॅनालिसिसला टाकताना नॉर्मलऐवजी डायनॅमिक निवड, म्हणजे रेघा गाण्याबरोबर थोड्या सरकतात. फरक पडेल, पण पूर्ण जाणार नाही.

हिशोब बघ. १२० च्या वेगाला दोन ठोक्यांत ५०० मिलीसेकंदांचं अंतर. दुसरं गाणं १२०.५ असलं तर प्रत्येक ठोक्याला दोन मिलीसेकंद मागे-पुढे. ३२ ठोके गेले की साठ-पासष्ट झाले, आणि तेवढं आपल्या कानाला दोन हातांनी वाजवलेली एक टाळी फाटल्यासारखं ऐकू येतं. म्हणून अशा गाण्यांना सिंक बंद कर, जॉगच्या, म्हणजे मोठ्या चाकाच्या, कडेला बोट लावून पुढे-मागे कर. तुझ्याकडे पखवाजाचा कान आहे, तुला हे जमायला वेळ लागणार नाही. सराव मात्र ब्लूटूथ स्पीकरवर करू नकोस. तिथे आवाजच शे-दीडशे मिलीसेकंद किंवा त्याहून उशिरा येतो, हात काय ऐकून फिरवणार? वायरच्या हेडफोनवरच कर.

तबल्याचा_सातारकर

साताऱ्यात मुलांना तबला शिकवतो, डीजेचं मला काही येत नाही. पण विद्यार्थ्याने हा कंट्रोलर दाखवला होता, म्हणून हळदीच्या गाण्यांबद्दल एक सांगावंसं वाटतं. आपली पुष्कळशी हळदीची गाणी, कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीची असतात, दादरा-खेमट्याच्या अंगाची. यंत्र सगळं चार-चारमध्ये मोजतं. त्याने प्रत्येक मात्रेवर रेघ मारली असेल, तर चार रेघांचा लूप (तोच तुकडा परत परत वाजवणं) घेतला की चाल मधेच तुटते आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. तिथे सहाचा लूप हवा. तीन-तीन मात्रांवर एक रेघ असेल, तर दोनाचा किंवा चाराचा लूप बरोबर बसतो. आधी हाताने मोजून बघा, रेघ कशावर आहे.

आणि सहा मात्रांच्या गाण्यातून चार मात्रांच्या गाण्यात जाताना दोन्ही एकदम वाजवू नका. पहिल्याचं ध्रुवपद संपू द्या, समेवर सोडा, आणि दुसरं समेवरच उचला. भजनात अभंगावरून गजरावर जाताना करतो तेच.

तासगावचा_पोरगा

गुरुजी, अभंगावरून गजर म्हणालात आणि लगेच डोक्यात बसलं, ते तर रोज ऐकतो. सहाचा लूप बटणावर मिळत नाहीये, इन आणि आउट हाताने दाबून घेतला तर बसतो.

मिरजेचा_साउंडवाला

हाताने घेतलेला लूपच बरोबर आहे. घेतल्यावर जागच्या जागी हॉट क्यू (त्या जागेवर लगेच नेणारी खूण) ठेव, म्हणजे कार्यक्रमात परत शोधावा लागणार नाही. आणि एक राहिलंच. हेडफोन फार मोठा ठेवू नकोस. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं मानतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला फक्त १५ मिनिटं. तुझं पुढचं सगळं काम कानावर आहे. रात्री दहाची वेळ कार्यालयाच्या व्यवस्थापकाशी आधीच बोलून घे, आणि शेवटची तीन गाणी साडेनऊलाच काढून ठेव.