मॉर्मन मिशनरी: परदेशातली ती दोन वर्षं नेमकी कुणाच्या फायद्याची?

मिसो_मिसळ

जपानातल्या नागोयात राहणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी आणि सायकलवर दोन गोरी पोरं. वय अठरा ते वीस. हे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यात मुख्य ठाणं असलेल्या ख्रिस्ती पंथाचे; त्यांची तरुण पोरं धर्मप्रचारासाठी अशी घर सोडून जातात. इंटरफोनची बेल दाबायची, आतून 'केक्को देसु', म्हणजे 'नको', ऐकायचं, न दिसणाऱ्या माणसाला कमरेत वाकून नमस्कार करायचा आणि पुढचं दार गाठायचं. तेही इथल्या चिकट उन्हाळ्यात.

परवा दोघे आमच्या दारात उभे. धर्म बदलणार नाही हे आधीच सांगून टाकलं, तरी आत बोलावलं. दोघांचंही जपानी माझ्यापेक्षा सफाईदार होतं, याचा थोडा राग आला हे खरंय. बायकोने ग्रीन टी पुढे केला, तर हात जोडून नको म्हणाले. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य, ग्रीन टीही त्यातच आला. कोकम सरबत मात्र दोन-दोन ग्लास संपवलं.

बोलता बोलता नियम कळले. मुलांना २४ महिने, मुलींना १८. देश आपण निवडायचा नाही, सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून कळवतात. भाषेचं शिक्षण काही आठवडे, बाकी रस्त्यावर. खर्च स्वतःच्या खिशातून: अमेरिकन मुलांना २०२० पासून महिना ५०० डॉलर, जपानला जा नाहीतर घानाला. जोडीदार नेमून दिलेला, त्याला सोडून एकट्याने कुठे जायचं नाही. प्रेमबिम बंद.

माझं मत असं: धर्मप्रचार म्हणून हा प्रकार जपानात फारसा चाललेला नाही. १९०१ साली सुरुवात, १९२४ ला गाशा गुंडाळला, १९४८ ला पुन्हा आले, आणि एवढं करून कागदावरचे सभासद सव्वा लाखाच्या आसपास. पण एका पोराला माणसात आणण्याची शाळा म्हणून याला तोड नाही. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_पेठकर

माणसात आणतात? कमिशन न देता दारोदार फिरवतात, वर पैसेही पोराकडूनच घेतात. असा धंदा आमच्या बाजारपेठेत कुणाला जमला नाही.

मुद्दा वेगळाच आहे. दिवसातून पन्नास वेळा 'हे सत्य आहे, हे मला ठाऊक आहे' असं मोठ्याने म्हटलं, की समोरच्याला पटो न पटो, म्हणणाऱ्याला पटतंच. त्यात वय असं, की घरापासून तोडलं तर कुणाचा तरी हात धरावाच लागतो. अगदी २०१९ च्या सुरुवातीपर्यंत या पोरांना घरी फोन करायला वर्षातून दोनदाच परवानगी होती, नाताळला आणि मातृदिनाला. बापाचा आवाज ऐकायला सणाची वाट बघायची! जपानी लोक बाटत नाहीत म्हणून योजना फसली असं तुम्ही म्हणता. अहो, ती त्यांच्यासाठी नाहीच. गिऱ्हाईक तो पोरगाच आहे.

यूटाकर_सई

खडूसकाका, निम्मं पटलं. मी यूटात राहते, आमच्या गल्लीत निम्मी घरं त्यांची. शेजारचा मुलगा जायच्या आधी दोन उन्हाळे लोकांची हिरवळ कापून पैसे साठवत होता. पेरूहून आला तो फडाफडा स्पॅनिश बोलत. आता दवाखान्यात दुभाष्याचं काम करतो. पूर्वी आमच्याशी बोलताना मान खाली असायची त्याची.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला मिट रॉम्नीही मॉर्मन, १९६६ ते ६८ फ्रान्समध्ये हेच करत होता. वाइनच्या देशात दारू न पिणारा धर्म विकायचा! दारं तोंडावर आपटून घेण्याची सवय राजकारणात कामी आली असणार.

आणि फोनचं म्हणाल तर आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असतो. कोवळ्या वयात घरापासून तोडण्याचं म्हणाल तर दहावी झालेल्या पोराला लातूरला क्लाससाठी टाकताना त्याला कोण विचारतं?

खडूस_पेठकर

लातूरहून पळून आलेल्या पोराला गाव वाळीत टाकत नाही, सईताई. १९७४ साली त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, स्पेन्सर किम्बल यांनी, प्रत्येक लायक मुलाने जायलाच हवं असं बजावलं. तेव्हापासून न जाणाऱ्याकडे कसं बघतात, ते तुमच्या गल्लीत विचारा.

जुना_कॅम्पवाला

थोडा इतिहास, कारण हे लोक आपल्याकडेही येऊन गेलेत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला, तिथून पुण्यात आला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत फिरकू द्यायला खळखळ केली. हाती लागले ते मूठभर, आणि काही वर्षांत सगळंच आवरलं.

त्याच काळात अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी, काय करत होतं बघा. १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघत होतं, शाळा चालत होत्या, आणि त्यांच्यातले कित्येक जण इथेच म्हातारे झाले. त्यांच्या हेतूंवर वाद घाला, मीही घालतो. पण त्या लोकांना आपल्यात राहायचं होतं. २४ महिन्यांत माणूस भाषा शिकतो आणि ती नीट येऊ लागते तेव्हा विमानात बसतो. मग ती दोन वर्षं नागोयाच्या कामाची की यूटाच्या?

अनघा_दे

+१ कॅम्पवाले. अवांतर: मुलींचं कुणीच बोलत नाहीये. त्यांच्यावर जाण्याची सक्ती नाही. २०१२ साली वयाची अट २१ वरून १९ केली, तर एवढ्या मुली निघाल्या की बघत राहावं. म्हणजे दबाव नसतानाही जावंसं वाटणारं काहीतरी त्यात असेल की नाही? मात्र बाप्तिस्मा द्यायची वेळ आली की पुढे पुरुषच. शिकवायचं हिने, पाण्यात उतरायचं त्याने.

मिसो_मिसळ

कॅम्पवाले, मान्य, फायदा यूटाचाच जास्त. पण त्यात नागोयाचं नुकसान काय झालं ते सांगा. आमच्या वॉर्डातल्या आज्या त्यांच्या चर्चमध्ये इंग्रजीच्या फुकट वर्गाला जातात, गप्पा मारतात आणि बौद्धच्या बौद्ध घरी येतात.

खडूस_पेठकर

नुकसान आकड्यांच्या हव्यासाने होतं. १९६० च्या आसपास इंग्लंडात याच मिशनऱ्यांनी पोरांना बेसबॉल खेळायला बोलावलं आणि खेळाच्या ओघात बाप्तिस्मे उरकले. कित्येकांना आपण क्लबात नाव घातलं असंच वाटलं. १९८० च्या सुमारास टोकियोतही असाच घाऊक धडाका झाला, नंतर ती माणसं चर्चकडे फिरकली नाहीत. वीस वर्षांच्या पोराला आठवड्याचा आकडा मागितला की तो कुठून तरी आणतोच.

यूटाकर_सई

ते प्रकार नंतर त्यांच्याच वरिष्ठांनी बंद केले, तेही लिहा की. मला खटकतं ते वेगळंच. आजारपणाने किंवा मन रमलं नाही म्हणून मुलगा मधेच परतला, की विमानतळावर फुगे आणि पाट्या घेऊन कुणी जात नाही. रविवारी चर्चमध्ये सगळे गोड बोलतात आणि त्याची आई मागच्या बाकावर बसते. पूर्ण करून आलेल्यांना याबद्दल विचारलं की ते विषय बदलतात. मिसो, ते दोघे पुन्हा आले तर हे विचारा. ग्रीन टीपेक्षा हा प्रश्न त्यांना जड जाईल.